चिवट ॲडवेअर मुळासकट काढण्याचा क्रम

ठाण्याच्या नौपाड्यात आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने गेल्या पावसाळ्यात मला घरी बोलावले, ते महावितरणचे वीजबिल भरता येईना म्हणून. इमारतीतले लहानथोर सगळे त्यांना बाई म्हणतात. बाईंच्या संगणकावर ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी भलतेच शोधपान यायचे, बिलाचे पान उघडायला जावे तर शेजारी दोन नवे टॅब आपोआप उघडायचे, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात थोड्या थोड्या वेळाने ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत’ अशी पट्टी वर सरकायची. माझ्याआधी तीन जणांनी तो संगणक साफ करून दिला होता आणि तिन्ही वेळा दोन-तीन दिवसांत सगळे पूर्ववत झाले होते. बाईंचा प्रश्न मात्र अगदी नेमका होता. त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे म्हणता काढले, काढले. मग ते राहते तरी कुठे?”

या लेखात जे सांगायचे आहे ते त्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. ॲडवेअर, म्हणजे जबरदस्तीने जाहिराती दाखवणारा प्रोग्राम, चिवट असेल तर तो एका जागी राहत नाही. आपल्याला दिसते ते ब्राउझरमधले एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा पुरवणी प्रोग्राम) किंवा बदललेले शोधपान. पण ते एक्स्टेन्शन परत आणून बसवणारा प्रोग्राम दुसरीकडे असतो, त्या प्रोग्रामला ठरावीक वेळी जागे करणारी नोंद तिसरीकडे असते, आणि सिंक (एकाच खात्याने उघडलेले ब्राउझर सगळीकडे सारखे ठेवण्याची सोय) चालू असेल तर एक्स्टेन्शनची नोंद तुमच्या ब्राउझरच्या खात्यातही जाऊन बसलेली असते. शेतातली हरळी वरून कापून जात नाही, कारण मातीत राहिलेल्या कांडीला पुन्हा फूट येते. इथेही तसेच आहे. म्हणून काय काढायचे याच्याइतकेच ते कोणत्या क्रमाने काढायचे यालाही महत्त्व आहे. परत आणणाऱ्या वस्तू आधी काढायच्या आणि ब्राउझर त्यांच्यानंतर साफ करायचा. बहुतेक लोक नेमके उलटे करतात आणि मग ‘फॉरमॅट मारल्याशिवाय जाणार नाही’ असे समजून बसतात.

पुढील पायऱ्या विंडोज १० आणि विंडोज ११ यांसाठी आहेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे अजून ती आवृत्ती आहे त्यांनी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी किंवा संगणकावर ११ चालत असेल तर त्यावर जावे. साफसफाईच्या पायऱ्या मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच आहेत.

नुसत्या जाहिरातीच तर आहेत, असे म्हणू नये

ॲडवेअर म्हणजे जाहिराती दाखवून किंवा तुमचे शोध दुसरीकडे वळवून कोणाला तरी पैसे मिळवून देणारा प्रोग्राम. तो फायली पळवत नाही, पडदा बंद करून खंडणी मागत नाही, म्हणून अनेक घरांत महिनोन् महिने त्याच्याकडे दुर्लक्ष होते. हे का करू नये, याचे एक उदाहरण सर्वज्ञात आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आले की लेनोवोच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्राम आधीपासून बसवलेला होता. सुरक्षित, म्हणजे कुलपाचे चिन्ह असलेल्या पानांतही जाहिराती दाखवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळ खरे असल्याची ग्वाही देणारा दाखला, घातले होते, आणि त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांवर एकच होती. ती किल्ली एका संशोधकाने शोधून काढली तेव्हा स्पष्ट झाले की त्याच वाय-फायवर बसलेला तिसरा माणूस अशा लॅपटॉपला खोटे बँकेचे पान दाखवू शकतो आणि ब्राउझर कोणतीही तक्रार करणार नाही. लेनोवोने नंतर तो काढण्याचे साधन दिले आणि विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसनेही तो काढायला सुरुवात केली. हेतू जाहिरातींचा होता, पण दार मात्र बँकेपर्यंत उघडे राहिले होते. म्हणून संगणक साफ होईपर्यंत त्यावरून नेट बँकिंग, वीजबिल, मालमत्ता कर असे कोणतेही पैशांचे व्यवहार करू नयेत. तेवढे दिवस मोबाइल वापरावा.

आधी एक सोपी गोष्ट तपासा

मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत ‘व्हायरस सापडला’ अशा पट्ट्या येत होत्या आणि तिथे ॲडवेअर मुळी नव्हतेच. एखाद्या संकेतस्थळाने ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगितलेले असते, घाईत ते बटण दाबले जाते, आणि त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी मिळते. पुढे ब्राउझर सगळा वेळ आपल्या मागे चालूच असतो, त्यामुळे या सूचना विंडोजच्याच असाव्यात असे वाटते.

क्रोममध्ये सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ असे जावे. परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी तिथे दिसते. ओळखीची नसलेली प्रत्येक नोंद काढून टाकावी. बँकेला किंवा वर्तमानपत्राला दिलेली परवानगीही काढली तरी काही बिघडत नाही. एज आणि फायरफॉक्स यांतही याच नावाची यादी परवानग्यांच्या विभागात असते. बाईंच्या यादीत सतरा नोंदी होत्या आणि त्यांतल्या एकीचेही नाव त्यांना आठवत नव्हते. या नोंदी काढताच कोपऱ्यातली लाल पट्टी बंद झाली. तुमचा त्रास एवढ्यावरच संपला, तर पुढचे काही करण्याची गरज नाही. शोधपान बदललेले असेल किंवा टॅब आपोआप उघडत असतील, तर पुढे चला.

तयारी

या कामाला दोन तास लागतील असे धरून बसावे आणि मध्येच सोडू नये, कारण अर्धवट काढलेले ॲडवेअर स्वतःला पुन्हा पूर्ण करून घेते. जवळ एक वही ठेवावी. आपण काय बदलले, कोणत्या नावाची नोंद बंद केली, हे लिहून ठेवावे आणि शक्य तिथे मोबाइलने पडद्याचा फोटो काढावा. काही चुकले तर परत फिरायला वाट राहते.

महत्त्वाची कागदपत्रे आणि फोटो पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावेत. डाउनलोड फोल्डरमधल्या इन्स्टॉल करायच्या फायली मात्र सोबत नेऊ नयेत, कारण रोगाचे बी बहुधा त्यांतच असते. नव्या लॅपटॉपवर डिस्कला कुलूप लावणारी ‘बिटलॉकर’ची व्यवस्था अनेकदा आपल्या नकळत चालू असते आणि संगणक विशेष पद्धतीने सुरू केल्यावर ती ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती आधीच वहीत उतरवून ठेवावी.

दुसरी तयारी म्हणजे हत्यार आधीच आणून ठेवणे. मालवेअरबाइट्स या कंपनीचे ‘ॲडवक्लीनर’ हे साधन खास याच कामासाठी आहे. ते मोफत आहे आणि इन्स्टॉल न करता थेट चालते. ते कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. शोधयंत्रात त्याचे नाव टाकल्यावर सगळ्यात वर ‘जाहिरात’ अशी खूण असलेला जो निकाल येतो, त्यावर दाबू नये. ब्राउझर इतका बिघडलेला असेल की योग्य पान उघडतच नाही, तर दुसऱ्या संगणकावर ते उतरवून पेन ड्राइव्हने आणावे.

त्यानंतर ब्राउझरचे सिंक बंद करावे. क्रोममध्ये उजवीकडे वर आपल्या खात्याचे चित्र असते, तिथून हे करता येते. हे पहिल्यांदाच करण्याचे कारण असे की सिंक चालू असताना तुम्ही एक्स्टेन्शन इथे काढता आणि त्याच खात्याने उघडलेल्या दुसऱ्या संगणकावरून ते परत येते. बाईंच्या बाबतीत आधीच्या तिघांनी चुकवलेली एक पायरी हीच होती. त्यांच्या मुलाच्या खारघरच्या घरी असलेल्या लॅपटॉपवरही त्यांचे खाते उघडलेले होते, आणि तिथला लॅपटॉप सुरू झाला की इथे एक्स्टेन्शन पुन्हा उगवायचे.

आता वाय-फाय बंद करावे किंवा नेटची वायर काढून ठेवावी. परत आणणारा प्रोग्राम बहुधा आपले सामान इंटरनेटवरून मागवतो. पुरवठा तोडला की हाताने साफ करण्याचे काम शांतपणे करता येते.

प्रोग्रामची यादी

सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ आणि त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडून यादी तारखेप्रमाणे लावावी. विंडोज १० मध्ये याचे नाव ‘ॲप्स अँड फीचर्स’ असे आहे. त्रास कधीपासून सुरू झाला हे आठवावे आणि त्याच दिवशी किंवा आसपास बसलेले प्रोग्राम पाहावेत. एकाच दिवशी चार-पाच प्रोग्राम बसलेले दिसले आणि तुम्ही मात्र एकच उतरवल्याचे आठवत असेल, तर बाकीचे त्याच्या पाठीवर बसून आले आहेत असे समजावे. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर असे पाहुणे पाठवणे हा ॲडवेअरचा जुना मार्ग आहे.

संशयास्पद प्रोग्राम एकेक करून काढावा. काढताना तो ‘खरंच काढायचे का, की सवलतीत ठेवायचे’ असे उलटसुलट प्रश्न विचारतो, आणि कधी कधी ठेवण्याचे बटण ठळक व काढण्याचे पुसट दिसते. म्हणून प्रत्येक वाक्य वाचूनच बटण दाबावे. ग्राफिक्स, आवाज, प्रिंटर किंवा मायक्रोसॉफ्ट यांच्याशी संबंधित नावे ओळखता येत नसली तरी काढू नयेत.

टास्क शेड्यूलर : इथेच बहुतेकांचे चुकते

विंडोजमध्ये ठरावीक वेळी ठरावीक काम आपोआप करून घेण्याची सोय आहे. अपडेट तपासणे, डिस्कची निगा राखणे अशी प्रामाणिक कामे तिच्यावर चालतात आणि चिवट ॲडवेअरही तिचाच आधार घेते. स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्यूलर’ असे शोधून ते उघडावे आणि डावीकडच्या ‘टास्क शेड्यूलर लायब्ररी’वर एकदा दाबावे. मधल्या रकान्यात नोंदींची यादी येते. एकेका नोंदीवर दाबून खालच्या भागातला ‘ॲक्शन्स’ हा टॅब पाहावा, कारण नाव काहीही ठेवता येते. ती नोंद प्रत्यक्षात काय चालवते हे मात्र तिथे लिहावेच लागते.

बाईंच्या संगणकावर अशी एक नोंद होती. नाव अगदी सभ्य, एखाद्या ब्राउझरच्या अपडेटसारखे. ‘ट्रिगर्स’मध्ये लिहिले होते की लॉगइन झाल्यावर आणि पुढे दर तासाला. ‘ॲक्शन्स’मध्ये पाहिले तर ज्या ब्राउझरचे नाव घेतले होते त्याच्या फोल्डरशी काही संबंधच नव्हता, तिथे वापरणाऱ्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमधल्या, उगाच टाइप केल्यासारख्या अकरा अक्षरांच्या उपफोल्डरमधल्या एका फायलीचा पत्ता होता. तिघांनी एक्स्टेन्शन काढले होते, दोघांनी प्रोग्रामही काढला होता, पण ही नोंद कोणीच पाहिली नव्हती. ती दर तासाला उठून पाहत होती की आपले माणूस जागेवर आहे का, आणि नसेल तर पुन्हा आणून बसवत होती. बाईंना मी ती ओळ दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुढे सरकवून ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “म्हणजे हे इथे राहते.”

कोणत्या नोंदींवर संशय घ्यावा? जिचा पत्ता ‘ॲपडेटा’, ‘टेंप’ किंवा ‘प्रोग्रामडेटा’ यांतल्या अनोळखी फोल्डरकडे जातो. जी ब्राउझरलाच एखाद्या संकेतस्थळाच्या पत्त्यासह उघडते. जी ‘पॉवरशेल’ (विंडोजला लेखी आज्ञा देण्याचे साधन) चालवते आणि तिच्यापुढे अर्थहीन अक्षरांची लांबलचक माळ असते. मात्र काही चांगली सॉफ्टवेअरही ‘ॲपडेटा’मध्येच राहतात, म्हणून संशयित नोंद लगेच पुसू नये. तिच्यावर उजवे बटण दाबून ‘डिसेबल’ करावी, नाव आणि पत्ता वहीत लिहावा, आणि आठवडाभर काही अडले नाही तरच ती पुसावी. डावीकडच्या ‘मायक्रोसॉफ्ट’ या फोल्डरमध्ये विंडोजच्या स्वतःच्या नोंदी असतात. नवख्या माणसाने तिथे हात घालू नये.

याच बैठकीत टास्क मॅनेजर उघडून ‘स्टार्टअप’ची यादीही पाहून घ्यावी आणि अनोळखी नावे बंद करावीत. थोडा अनुभव असलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातले ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन फार उपयोगी आहे, कारण आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टी ते एकाच ठिकाणी दाखवते. त्यात आधी मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडावा, आणि नको असलेल्या नोंदीची नुसती खूण काढावी, नोंद पुसू नये.

तपासणी

हाताचे काम झाल्यावर संगणक एकदा पुन्हा सुरू करावा आणि नेट जोडावे. आता ॲडवक्लीनर चालवावे. ते काही मिनिटांत यादी देते. यादी वाचून साफ करण्याचे बटण दाबावे आणि ते सांगेल तेव्हा संगणक पुन्हा सुरू करावा. त्याने काढलेल्या वस्तू आधी विलगीकरणात जातात, त्यामुळे चुकून चांगली वस्तू गेली तर ती परत आणता येते.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटी उघडावे. ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ असा पर्याय आहे, तो चालू करावा. डिफेंडरच्या भाषेत बहुतेक ॲडवेअर व्हायरसमध्ये मोडत नाही, ‘बहुधा नको असलेले ॲप’ या वर्गात मोडते. हा पर्याय बंद असेल तर डिफेंडर त्याच्याकडे पाहूनही गप्प राहू शकतो. मग ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून आधी पूर्ण तपासणी आणि त्यानंतर ‘ऑफलाइन स्कॅन’ करावे. ऑफलाइन स्कॅनमध्ये संगणक बंद होऊन विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे विंडोज चालू असताना लपून राहणारी वस्तू तिथे सापडू शकते. याला साधारण पंधरा मिनिटे लागतात. सुरू करण्याआधी उघडी कामे जतन करावीत आणि लॅपटॉप चार्जरला लावावा.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसवू नयेत. ते एकमेकांच्या वाटेत येतात आणि संगणक रखडतो. भारत सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून मोफत साफसफाईची साधने देते. दुसरे मत हवे असेल तर त्याच्या संकेतस्थळावरून ती घेता येतात.

एखादी फाइल पुसायला गेल्यावर ‘वापरात आहे’ असे उत्तर आले तर सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टी चालू ठेवून विंडोज उघडण्याच्या पद्धतीत, जावे. शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन संगणक सुरू होताना ४ हा अंक दाबावा. वहीत लिहिलेली बिटलॉकरची किल्ली इथेच लागू शकते.

आता ब्राउझर

ब्राउझर सगळ्यात शेवटी का, हे एव्हाना लक्षात आले असेल : त्याला बिघडवणारे हात आता उरलेले नाहीत.

डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हापासून सुरुवात करावी. त्यावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘टार्गेट’ या चौकटीत कर्सर अगदी शेवटापर्यंत न्यावा. पत्ता ब्राउझरच्या फायलीच्या नावाशी आणि अवतरणचिन्हाशी संपायला हवा. त्याच्यापुढे एक जागा सोडून एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर ब्राउझर कितीही साफ केला तरी प्रत्येक वेळी तेच पान उघडणार. ती शेपटी पुसावी, किंवा चिन्हच काढून नवे बनवावे. खालच्या टास्कबारवरचे चिन्ह वेगळे असते, तेही तपासावे.

पुढे एक्स्टेन्शनची यादी उघडून जे तुम्ही स्वतः आठवणीने बसवले नाही ते काढावे. काढण्याचे बटणच दिसत नसेल, आणि क्रोमच्या मेनूत तळाशी ‘तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो’ अशा अर्थाची ओळ असेल, तर ॲडवेअरने कंपन्यांना आपल्या संगणकांवरच्या ब्राउझरचे नियम ठरवता यावेत म्हणून असलेली धोरणाची सोय वापरून स्वतःला जखडून घेतले आहे. इथे एक महत्त्वाची सूचना : ऐरोली, महापे, वागळे इस्टेट इथल्या कार्यालयांतून घरी आणलेल्या लॅपटॉपवर ही ओळ असणे स्वाभाविक आहे. तो लॅपटॉप तुमचा नाही. त्यावर यांतले काही न करता कार्यालयाच्या आयटी विभागाला कळवावे. काही अँटिव्हायरसही अशी धोरणे लावतात. पण घरचा संगणक असेल आणि एक्स्टेन्शन निघत नसेल, तर ॲडवक्लीनरच्या सेटिंग्जमध्ये क्रोमची धोरणे पूर्ववत करण्याचा पर्याय चालू करून पुन्हा तपासणी करावी. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) जाऊन हाताने धोरणे पुसण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो चुकीचा नाही, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने तो जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच अमलात आणावा.

मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ करावे. यात बुकमार्क, इतिहास आणि जतन केलेले पासवर्ड जात नाहीत. शोधयंत्र आणि सुरुवातीचे पान मूळ रूपात येते, एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात, म्हणजे संकेतस्थळांवर पुन्हा लॉगइन करावे लागते. एजमध्ये अशीच सोय आहे आणि फायरफॉक्समध्ये तिचे नाव ‘रिफ्रेश’ असे आहे. जुन्या लेखांत क्रोमच्या ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ या साधनाचा उल्लेख सापडतो. गूगलने ते २०२३ मध्ये काढून टाकले आहे, त्यामुळे शोधत बसू नये.

वाट वळवलेली असेल तर

एवढे करूनही पाने भलतीकडे जात असतील, तर नेटची वाटच वळवलेली असू शकते. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘प्रॉक्सी’ उघडून हाताने घातलेला प्रॉक्सी, म्हणजे नेटच्या वाटेतला मधला थांबा, चालू असेल तर बंद करावा. त्याच विभागात वाय-फायच्या गुणधर्मांत डीएनएसचे पत्ते दिसतात; तुम्ही स्वतः काही घातलेले नसेल तर ते ‘ऑटोमॅटिक’वर असावेत. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा खरा पत्ता सांगणारी टपाल कचेरी. ती बदलली की माणूस नाव बरोबर लिहितो आणि पोहोचतो दुसरीकडेच. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘डीएनएसचेंजर’ची टोळी पकडली, तेव्हा १०० हून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांची वाट तिने अशीच जाहिरातींसाठी वळवलेली होती.

घरातल्या मोबाइलवरही, त्याच वाय-फायवर असताना, तशाच जाहिराती येत असतील आणि मोबाइल डेटावर गेल्यावर त्या थांबत असतील, तर दोष राउटरमध्ये शोधावा. आपल्याकडे ठाण्यात आणि नवी मुंबईत पुष्कळ घरांत नेट स्थानिक केबलवाल्याकडून येते आणि राउटरचा पासवर्ड जोडणी देताना ठेवलेला तसाच राहतो. राउटर मूळ स्थितीत आणण्याआधी केबलवाल्याकडून जोडणीचे नाव आणि पासवर्ड मागून घ्यावेत, नाहीतर घरातले नेट बंद पडेल. नंतर राउटरचा पासवर्ड स्वतः बदलावा.

काहीच चालले नाही तर

तेव्हाच फॉरमॅटचा विचार करावा, आणि तोही शक्यतो स्वतः. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘रिकव्हरी’ आणि ‘रीसेट धिस पीसी’ असे आहे. विंडोज १० मध्ये ते ‘अपडेट अँड सिक्युरिटी’मध्ये सापडते. ‘कीप माय फाइल्स’ निवडले तर तुमच्या फायली राहतात आणि बसवलेले सगळे प्रोग्राम जातात. ‘क्लाउड डाउनलोड’ने विंडोज नव्याने उतरते, त्यासाठी ४ जीबीहून अधिक डेटा लागतो. दुकानात देणार असाल तर आपल्या फायलींची प्रत आधी स्वतः काढावी आणि मूळ परवान्याचे विंडोजच बसवून मागावे. एका ओळखीच्या कुटुंबाला दुकानातून साफ होऊन आलेल्या संगणकात परवान्याऐवजी ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे परवाना असल्याचे भासवणारा बेकायदा प्रोग्राम, मिळाला आणि तो महिनाभरात नवे ॲडवेअर घेऊन आला. तसले क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. तिथेच ते नाकारावे.

पडद्यावर आलेल्या ‘कस्टमर केअर’च्या क्रमांकावर फोन करू नये, आणि फोनवरच्या माणसाला संगणक दुरून हाताळण्याचे ॲप बसवू देऊ नये. खरा मायक्रोसॉफ्ट इशाऱ्याच्या पट्टीत फोन नंबर देत नाही. पैसे गेलेच, तर एक क्षणही न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे, कारण लवकर कळवले तर रक्कम वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलीस आयुक्तालयांत सायबर पोलीस ठाणी आहेत. तक्रार करताना लाज वाटून घेण्याचे काहीच कारण नाही.

पुन्हा शिरू नये म्हणून

बाईंच्या संगणकात हे सगळे आले कसे, तेही वहीतल्या तारखांवरून सापडले. गणेशोत्सवाच्या अंकासाठी लेख लिहायचा म्हणून त्यांनी मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर शोधले होते आणि पहिल्या निकालातले हिरवे डाउनलोड बटण दाबले होते. टायपिंग शिकणाऱ्या मुलांच्या संगणकांतही मला हीच वाट वारंवार दिसली आहे. वास्तविक विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहेच, आणि २०१९ च्या अपडेटपासून उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी भाषा जोडली की दोन्ही मिळतात आणि बाहेरून काही उतरवावे लागत नाही.

दुसरे काही उतरवायचेच असेल तर ते बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून घ्यावे आणि इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ निवडून आधीपासून लावलेल्या खुणा काढाव्यात. जाहिराती अडवणारे एखादे विश्वासू एक्स्टेन्शन, जसे फायरफॉक्ससाठी यूब्लॉक ओरिजिन किंवा क्रोमसाठी त्याचीच लाइट आवृत्ती, बसवले तर खोटी डाउनलोड बटणे मुळात दिसतच नाहीत.

आता पासवर्ड. ईमेल, बँक आणि समाजमाध्यमांचे पासवर्ड मोबाइलवरून बदलावेत, आणि ईमेल खात्याच्या सुरक्षा पानावर अनोळखी उपकरणे दिसली तर त्यांना बाहेर काढावे.

आठवडाभर सिंक बंदच ठेवावे. रोज एकदा टास्क शेड्यूलर आणि एक्स्टेन्शनची यादी पाहून वहीत तारखेसमोर खूण करावी. त्याच खात्याने चालणाऱ्या घरातल्या प्रत्येक संगणकावरून ते एक्स्टेन्शन काढले गेल्याची खात्री करावी. बाईंच्या मुलाने खारघरहून फोनवर यादी वाचून दाखवली आणि आम्ही ती इथे पडताळून पाहिली. आठव्या दिवशी दोन्ही यादी तशाच असतील, तर बंद केलेल्या नोंदी पुसाव्यात आणि मग सिंक चालू करावे.